काच साफ झाली की सुट्टी

कोइंबतूर
२० नोव्हेंबर २०२४

ताई,

नमस्कार. दादांच्या आणि आईच्या पाया पडतो. तुझं पत्र पोचलं. देवळ्याचं स्थळ, कांद्याचा व्यापार, सुपारी फुटली, सगळं समजलं. पण एवढ्या मोठ्या बातमीला तू चारच ओळी लिहिल्या. मी पाकीट उलटं करून झटकलं, म्हटलं एखादं पान आत अडकलं की काय. लाजलीस वाटतं.

एक गोष्ट आत्ताच सांगतो. मांडवात कान मीच पिळणार. तुला सख्खा भाऊ एकच आहे, तो मान दुसऱ्या कोणाला गेला तर मी त्या मांडवात पाय ठेवणार नाय. त्या सार्थकरावांना सांगून ठेव, कांद्याच्या गोण्या उचललेला हात आहे. कान सांभाळून बसा म्हणावं.

आता इथलं ऐक. तू विचारलंस, फोन का उचलत नाय. आमचे फोन गेटवरच्या कपाटात असतात. माझ्या आधीच्या पोराने साहेबांच्या बंगल्याचा व्हिडिओ काढून नेटवर टाकला होता, त्याची शिक्षा आम्ही भोगतोय. रविवारी फोन मिळतो, तोही गेटपाशी उभं राहून, वॉचमनच्या डोळ्यासमोर. त्याला मराठी येत नाय तरी कान देऊन बसतो. आधार कार्ड आणि लायसन मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये. म्हणून खरं बोलायचं ते पत्रात. दूधवाला टपालात टाकतो, तो भला माणूस आहे.

काम काय विचारशील तर हसशील. नववी नापास कुंदन मासे सांभाळतो. हॉलमध्ये भिंतीएवढी काचेची टाकी आहे. आत खारं पाणी. समुद्र इथून लय लांब, आम्हीच डब्यातलं मीठ पाण्यात कालवून समुद्र करतो. आत नारंगी पट्ट्यांचे मासे, लाल कोळंबी, गोगलगायी आणि जिवंत पोवळी. पोवळी म्हणजे दगडावर फुलं उमलल्यासारखी दिसतात, पण जनावर असतं ते. हात लावला की आत जातं. चेन्नईहून एक टाकीवाला येतो अधूनमधून, त्याने हिंदीत सगळं शिकवलं.

दुखणं एकच, शेवाळ. काचेवर हिरवं, दगडावर केसांसारखं लांब. मी सकाळी टूथब्रशने घासतो, संध्याकाळी परत फुटतं. साहेबांचे पाहुणे टाकी बघायला येतात आणि हिरवा पडदा बघून जातात. सुट्टी मागितली तर मॅनेजर म्हणाला, “पहले काच साफ, फिर छुट्टी.” मी बहिणीचं लग्न म्हणालो. तो म्हणाला, “तो जल्दी साफ करो.”

दादांना विचार, आपल्या शेततळ्यात शेवाळ धरायचं तेव्हा ते काय टाकायचे. मला आठवत नाय. मी तेव्हा गाड्यांच्या मागे फिरत होतो.

तुझा,
कुंदन

*

मखमलाबाद, नाशिक
४ डिसेंबर २०२४

प्रिय कुंदन,

अनेक आशीर्वाद. घरी सगळे बरे आहेत. आईचे गुडघे थंडीने धरलेत. शेवंतीला यंदा भाव बरा आहे म्हणून दादा खुशीत आहेत, पहाटे फुलबाजारात स्वतः जातात.

पान एकच होतं. बाकी काही अडकलेलं नाही.

तारीख अजून धरलेली नाही. देवळ्याहून दोनदा निरोप आला, पण दादा ऐकत नाहीत. परवा भिकाकाका ओट्यावर बसून म्हणाले, “बहिरू, पोरगं तिकडं अडकलं तर काय पोरीला घरात म्हातारी करतो का?” दादा म्हणाले, “भाऊ मांडवात नाय तर मांडव नाय. माझं एकच पोरगं हाय.” मग काका चहा न घेता उठले.

मागल्या आठवड्यात ते लोक येऊन गेले. सार्थक माणूस वाईट नाही. शांत आहेत. मी अंबडच्या नोकरीचं विचारलं. म्हटलं, कंपनीत मी शाफ्ट तपासते, गेज लावून, माझी सही झाल्याशिवाय माल बाहेर जात नाही. ते म्हणाले, “नंतर बघू.” त्यांच्या आई हसल्या. म्हणाल्या, “आमच्या घरच्या बाईला बस धरायची येळ नाय आली अजून.” आपली आईसुद्धा हसली. मग मी पण हसले.

शेवाळाचं दादांना विचारलं. ते म्हणाले, विशेष काही नाही, थंडी वाढली की आपोआप जातं. तेव्हा तू जिवाची घाई करू नकोस. हळूहळू घास. साहेब लोकांना नाराज करून येऊ नकोस. इकडे कोणाचं काही अडलेलं नाही.

पुढचं पत्र अंबडला कंपनीच्या पत्त्यावर टाक, खाली लिहिला आहे. घरी पत्र आलं की दादा ओट्यावर सगळ्यांना वाचून दाखवतात.

तुझी ताई,
सुवर्णा

*

कोइंबतूर
७ जानेवारी २०२५

ताई,

तू पण काय बाई. दोन रविवारांपूर्वी दादांशी बोललो तर ते म्हणतात, “आरं सुवर्णाला कवाच सांगितलं, तिनं लिव्हलं नाय का?” तू लिहिलं की थंडीने आपोआप जातं. लग्नाच्या नादात डोकं ठिकाणावर नाय तुझं. असू दे, होतं असं.

दादा म्हणाले, मोरचूद. निळे खडे फडक्यात बांधायचे, दोरीने शेततळ्यात सोडायचे, शेवाळ गळून खाली बसतं. मला एकदम आठवलं, चुन्याबरोबर कालवून टोमॅटोवर पण मारायचे ते. वॉचमन बघत होता, मी गेटवर नाचायचा बाकी राहिलो.

ताई, हे शेवाळ का होतं ते मला आधीच कळलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं, तुला सांगतो. साहेबांची आई आहे, सगळे तिला बा म्हणतात. तिला बंगल्याबाहेर नेत नाहीत, पडेल म्हणून. ती रोज पूजा झाली की कणकेच्या बारीक गोळ्या करून टाकीत टाकते. माशांना घातलं की पितरांना पोचतं म्हणते. मासे खात नाहीत, गोळ्या दगडात जाऊन कुजतात, तेच शेवाळाला खत. टाकीवाला सारखा विचारतो, “एक्स्ट्रा क्या डालते हो?” मी म्हणतो, काही नाय. सांगितलं तर म्हातारीला टाकीजवळ येऊ देणार नाहीत. दिवसभरात तेवढंच तर काम आहे तिला. मला “नासिकवाळा” म्हणते आणि गोळ्या टाकताना मोठ्याने नावं घेते, सासऱ्याचं, दिराचं.

मग काय करणार होतो मी. तिला अडवता येत नाय आणि काच साफ झाल्याशिवाय गेट उघडत नाय.

दूधवाल्याकडून मोरचूद आणवला. इथंही शेतकरी वापरतात. आईने दिलेल्या रुमालात खडे बांधले आणि टाकीच्या मागे, जिथून पाणी फिरतं तिथं सोडले. मॅनेजरला सांगितलं नाय. त्याला कशाला.

ताई, दोन दिवसात हिरवं सगळं पिवळं पडलं आणि सुटून आलं. मी जाळीने काढलं. काच अशी झाली की काच आहे का नाय कळेना. मॅनेजर जवळ येऊन नाक लावून बघत होता. म्हणाला, “छुट्टी का फॉर्म भरो.” भरला. महिनाअखेर निघतो. दादांना सांग, तारीख धरा बिनधास्त.

पोवळी जरा आत गेलीत. गोगलगायी खाली वाळूवर पडल्यात, उलट्या. पाणी बदललं की झोपतात म्हणे. कोणी म्हणालं नाय, मीच म्हणतोय.

तुझा,
कुंदन

*

अंबड, नाशिक
१५ जानेवारी २०२५

कुंदन,

पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. तू येतोस, बरं झालं.

दादांना मी काही सांगायच्या आधी तूच रविवारी फोनवर सांगितलंस. त्यांनी लगेच पंचांग काढलं. होळीच्या आधीची तारीख बघतायत. आईने शेजारच्या भागीबाईंना बोलावून डाळी निवडायला घेतल्या. सगळं एकदम सुरू झालं, मोटार चालू केल्यासारखं.

मी कंपनीत अजून कोणाला बोलले नाही. सुपरवायझर म्हणाले, नवी मोजायची मशीन येतेय, शिकणार का. मी हो म्हणून बसले.

गोगलगायी सगळ्या एकदम उलट्या होऊन झोपत नाहीत रे. नीट बघ.

आल्यावर बोलू. बोलायचं आहे. गर्दी व्हायच्या आधी ये, निदान दोन दिवस.

ताई

*

कोइंबतूर
३० जानेवारी २०२५

तीर्थरूप दादांच्या चरणी,
कुंदनचा साष्टांग नमस्कार.

दादा, रविवारी फोन आला नाही म्हणून आई काळजी करत असेल. माझा रविवारचा फोन बंद केलाय. कारण लिहितो. तुमचा काही दोष नाही, आधीच सांगतो.

मोरचुदाने शेवाळ गेलं ते खरं. पण त्यात ज्याला हाड नाही असं एक जनावर वाचलं नाही. आधी गोगलगायी, मग कोळंबी. मग पोवळी पांढरी पडली आणि साय सुटावी तशी दगडावरून सुटली. मासे तेवढे राहिले, तेही कोपऱ्यात. पाण्याला वास सुटला. टाकीवाल्याला चेन्नईहून बोलावलं. त्याने पाणी तपासलं आणि मला विचारलं, “कॉपर कहाँ से आया?” मी रुमाल काढून दाखवला. तो खुर्चीवर बसला. नंतर म्हणाला, गोड्या पाण्यातल्या तळ्याला चालतं, इथं हे विष. आता दगडात आणि वाळूत मोरचुदातलं तांबं बसलं, या टाकीत परत पोवळं जगायचं नाही.

साहेब माझ्याशी बोलले नाहीत. मॅनेजर बोलला. सुट्टीचा फॉर्म माझ्या समोर फाडला. म्हणाला, दगड, वाळू, पाणी सगळं तू एकट्याने बाहेर काढणार, भिंत घासणार, नवी टाकी बसेल, ती चालू लागेल, तोवर गेट विसर. मी विचारलं, कधी बसेल. तो म्हणाला, “जब बैठेगी.”

टाकीवाला सांगत होता, पोवळं वर्षाला बोटाच्या पेराएवढं वाढतं.

तेव्हा दादा, माझी वाट बघू नका. मी हट्ट केला होता की कान मीच पिळणार, तो हट्ट सोडला. माझ्यापायी ताई अडकून पडली, हे मला इथं सहन होत नाही. ती बोलत नाही, पण तिच्या पत्रावरून मला कळतं. मनातून झुरतेय ती. भिकाकाकांचा राज आहे, तोही भाऊच. त्याला उभा करा. तुम्ही जी तारीख धराल ती मला मान्य आहे. ओट्यावर सगळ्यांना वाचून दाखवा, म्हणजे भाऊ नसताना लग्न लावलं असं कोणी तुम्हाला म्हणणार नाही.

आईला सांगा, रुमाल हरवला.

आपला,
कुंदन

*

अंबड, नाशिक
१० फेब्रुवारी २०२५

कुंदन,

तुझं पत्र दादांनी ओट्यावर वाचलं. वाचता वाचता थांबले, चष्मा पुसला, परत वाचलं. भिकाकाका म्हणाले, “पोरगं शहाणं झालं.” आई पदराने डोळे पुसत होती. राजला तिथंच उठवून दादांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. संध्याकाळी देवळ्याला फोन गेला. होळीच्या आधीची तारीख पक्की झाली.

मी दारात उभी होते. तू मला सोडवायला गेलास आणि माझी शेवटची कडी काढून दिलीस.

आता स्पष्ट लिहिते, कारण आडून लिहिलेलं तुला कळलं नाही, आणि त्यात तुझी काही चूक नाही. मला हे लग्न करायचं नाही. मी झुरत नव्हते. मी लपले होते. तुझ्या टाकीच्या मागे लपले होते.

दुसरा कोणी आहे का, हे आई मला हळूच विचारून गेली. कोणी नाही. सार्थकमध्ये खोटही नाही. सकाळची बस, तो गेज, माझ्या सहीचा माल, एवढंच मला पाहिजे आहे, आणि हे कारण ओट्यावर सांगायला लागले की तोंडातच विरघळतं. आई म्हणते, नोकरीसाठी कोणी स्थळ मोडतं का. सुपारी फोडताना दादांनी सगळ्या भाऊबंदांसमोर विचारलं, “पसंत हाय ना?” मी मान हलवली. मान माझीच होती, तिला कोणी धक्का दिला नव्हता. आता दादांचा शब्द गेलाय, आणि दादांनी आयुष्यात फुलांचा सौदासुद्धा मोडलेला नाही.

मोरचुदाचं मी विसरले नव्हते. दादांनी सांगितलं त्याच दिवशी मला लिहिता आलं असतं. मी मुद्दाम लिहिलं नाही. तुझी काच हिरवी राहावी असं मला वाटायचं. आई देवापुढे म्हणायची, माझ्या कुंदनला मोकळं कर, आणि मी मागे उभी राहून म्हणायची, थांब रे बाबा, अजून थोडं. तू तिकडं घासत होतास आणि मी इकडं शेवाळाची बाजू घेत होते. भावाला अडकवून स्वतः मोकळी राहणारी बहीण तू पाहिली नसशील. आता पाहिलीस.

नवीन मशीन आली. मी दोन दिवस शिकले. तिसऱ्या दिवशी सुपरवायझर म्हणाले, तुझं लग्न ठरलं ऐकलं, मग दुसऱ्या कोणाला शिकवू. मी बाजूला झाले.

तू रागावून उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन.

ताई

*

कोइंबतूर
१९ फेब्रुवारी २०२५

ताई,

रागावलो. खोटं कशाला सांगू. पत्र वाचलं तेव्हा मी रिकाम्या टाकीत उभा होतो, आतून काच घासत. पत्र चुरगाळून खिशात घातलं आणि उरलेली भिंत घासली. मग बाहेर येऊन पुन्हा सरळ केलं. म्हटलं, एवढे महिने मी या दाराशी डोकं आपटलं आणि आपलीच बहीण पलीकडून कडी धरून उभी.

पण नंतर विचार आला की मी तरी काय केलं. म्हातारीला अडवायची हिंमत नव्हती म्हणून पाण्यात विष सोडलं. तुला दादांना सांगायची हिंमत नव्हती. आपण एकाच घरचे, दुसरं काय.

आता पुढचं ऐक, यातलं एक अक्षर घरी बोलायचं नाय. मी सुटलोय.

साहेबांनी नवी टाकी बसवायचीच नाय असं ठरवलं. मासे टाकीवाला घेऊन गेला. परवा मॅनेजरने ड्रॉवर उघडला, आधार, लायसन, फोन टेबलावर ठेवले आणि म्हणाला, “जाओ.” एवढंच. बा दारापर्यंत आली होती. तिला कोणी काही सांगितलेलं नाय. हातात कणकेच्या गोळ्या होत्या, आता कुठं टाकू म्हणून मला विचारत होती. मी चिमण्यांना टाका म्हणालो. ती म्हणाली, चिमण्यांचं वेगळं असतं.

गेटबाहेर आलो. एवढे महिने या क्षणाची वाट बघितली आणि बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला नुसता उभा राहिलो. कारण मी घरी पोचलो की मांडव उभा राहणार. मी मोकळा झालो हे दादांना कळलं की तुझं संपलं.

म्हणून फोन बंदच ठेवलाय. खिशात आहे, पण चालू करत नाय. चालू केला की आई फोन लावणार, आणि आईशी मला खोटं बोलता येत नाय. कागदावर येतं.

दादांना आजच वेगळं पत्र टाकलंय, स्पीड पोस्टाने, तुझ्या आधी पोचेल. त्यात लिहिलंय की मागचं पत्र मी रागाच्या भरात लिहिलं, ते मागे घेतो. राजचा हात त्या कानाला लागला तर मी या जन्मात नाशिकला पाय ठेवणार नाय. साहेब सोडत नाहीत, कधी सोडतील माहीत नाय, पण थांबायचं. कडक लिहिलंय. दादा चिडतील, भिकाकाका शिव्या देतील, पण एकुलत्या एक पोराची शपथ मोडून दादा अक्षता टाकणार नाहीत. तुला माहीत आहे ते.

मी इथल्या भाजी मार्केटमध्ये हमाली धरलीय. राहायला गोदामाच्या वरची खोली आहे, चार जणांत. काल कांद्याची एक गाडी खाली केली, एमएच पंधरा, आपल्या नाशिकची. ड्रायव्हर सिन्नरचा. माझं बोलणं ऐकून मिठीच मारली त्याने. म्हणाला, “रिकामा चाललोय, बस. तिसऱ्या दिवशी घरी जेवशील.” दार उघडून धरलं. आत अगरबत्तीचा आणि घामाचा वास येत होता, आपल्याकडच्या गाडीचा असतो तसा. मी पायरीवर एक पाय ठेवला पण.

मग म्हणालो, “नाय भाऊ. सुट्टी नाय मिळाली.”

त्याने मार्केटभर नजर फिरवली. ना मालक, ना गेट. म्हणाला, “कोन देत नाय सुट्टी?”

मी गोण्या मोजायला लागलो. त्याने दार ओढलं आणि गाडी काढली.

ताई, हे मी कायमचं करू शकत नाय. मला एका जागी राहवत नाय हे तुला माहीत आहे, लहानपणी तूच माझा पाय खाटेला बांधायचीस. तेव्हा जितके दिवस मला जमेल तितके दिवस तुझे. त्यात दादांशी बोल. मी बोलणार नाय तुझ्या वतीने, मी बोललो की काय होतं ते आपण दोघांनी पाहिलं. ओट्यावर नको बोलूस. पहाटे फुलांच्या गाडीत त्यांच्या शेजारी बस आणि बाजार यायच्या आत बोल. शब्द मोडेल, दादा महिनाभर तुझ्याशी बोलणार नाहीत. तरी सांग. आणि मशीनवर जाऊन परत उभी राहा, बाजूला हो म्हणाले तरी.

बोललीस की खाली गोदामाचा पत्ता लिहिलाय, त्यावर एक ओळ टाक. होळी गेली तरी चालेल.

तोवर घरी कोणी विचारलं, तर सांग की कुंदनला अजून सोडत नाहीत.

तुझा,
कुंदन